टेलिफोनची डायल कशी सुधारत गेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या फोनविषयी लिहायला लागल्यापासून त्यांच्या बोटाने फिरवायच्या गोल डायलबद्दलचे प्रश्न सतत येतात. कुणाच्या माळ्यावर आजोबांचा काळा फोन सापडलेला असतो, कुणी विद्यार्थी प्रकल्प करत असतो, तर कुणी आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये (फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या केंद्रात) नोकरी करून निवृत्त झालेला असतो आणि त्याला एखादी बारीक गोष्ट ताडून पाहायची असते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक उत्तरं तिच्याकडेच वळतात. डायलमधल्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेने माणसाच्या हातावरची एकेक जबाबदारी काढून घेतली: आधी मोजण्याची, मग वेग सांभाळण्याची, मग दोन आकड्यांच्या मध्ये थांबण्याची.

१. डायल फिरवल्यावर नेमकं होतं काय?

रिसीव्हर उचलला की फोनमधून एक्स्चेंजच्या बॅटरीचा प्रवाह वाहू लागतो. ही बॅटरी साधारण ४८ ते ५० व्होल्टची असते. डायल फिरवून सोडली की ती स्प्रिंगच्या जोरावर मागे येते आणि येताना हा प्रवाह ठरावीक वेळा तोडते. ३ फिरवला तर तीनदा, ७ फिरवला तर सातदा. या प्रत्येक तुटण्याला पल्स म्हणतात. एक्स्चेंजमधला रिले (प्रवाह येता-जाता संपर्क जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबक) ते पल्स ओळखतो आणि त्यांच्या जोरावर तिथला स्विच, म्हणजे लाइन जोडून देणारं यंत्र, तेवढी पावलं पुढे सरकतो. फोनकडून आवाज किंवा अक्षर असं काहीच जात नाही, फक्त प्रवाह तुटतो आणि जुळतो.

२. ऑपरेटर होत्या की! मग डायलची गरज कुणाला वाटली?

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत होता. प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली बाई एक्स्चेंजवर ऑपरेटर, म्हणजे कॉल हाताने जोडून देणारी, होती आणि ती त्याची गिऱ्हाइकं तिकडे वळवायची, असं सांगतात. ही कथा इतक्या वेगवेगळ्या रूपांत ऐकायला मिळते की तिला मी दंतकथाच मानतो. त्याचं पेटंट मात्र कागदावर आहे. १२ मार्च १८८९ ला अर्ज आणि १० मार्च १८९१ ला मंजुरी, क्रमांक ४४७,९१८. ऑपरेटरशिवाय चालणारं पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज या कल्पनेवर इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ३ नोव्हेंबर १८९२ ला सुरू झालं.

स्ट्रोजर या क्षेत्रात पहिला नव्हता. कॉनोली बंधू आणि मॅकटाइ यांनी १८७९ मध्येच स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट घेतलं होतं. तारयंत्रासाठी तेव्हा बाणाने अक्षर दाखवणाऱ्या तबकड्या वापरत, त्यांचीच कल्पना त्यांनी फोनसाठी घेतली होती. ते यंत्र रोजच्या वापरात काही आलं नाही.

३. डायल येण्यापूर्वी लोक नंबर कसा लावत?

बटणं दाबून, पण आजच्यासारखी नाही. शतकासाठी एक, दशकासाठी एक आणि एककासाठी एक, अशी तीन बटणं असत. १६३ हवा असेल तर शतकाचं बटण एकदा, दशकाचं सहा वेळा आणि एककाचं तीन वेळा दाबायचं. प्रत्येक दाबाबरोबर एक पल्स जायचा.

कागदावर ही रीत सोपी दिसते. प्रत्यक्षात ९८ लावायचा असेल तर सतरा दाब बिनचूक मोजावे लागत, आणि तेही दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना. सहावा दाब झाला की सातवा, ते विसरलं की सगळं पहिल्यापासून. दुसरी अडचण वेगाची होती. घाईने टकटक केलं तर एक्स्चेंजमधल्या विद्युतचुंबकाला स्विचचा दांडा पूर्ण उचलायला वेळच मिळत नसे, आणि बटण अर्धवट सुटलं तर दोन दाबांचा एकच पल्स व्हायचा. शिवाय वेगवेगळ्या बटणांना वेगवेगळ्या तारा लागत. शंभरेक ग्राहकांच्या गावात ते चालून गेलं. हजारो ग्राहकांच्या शहरात एकट्या तारांच्या खर्चानेच कंपनी बुडाली असती.

४. मग पहिली डायल कुणी केली?

‘पहिली’ म्हणजे काय धरता त्यावर उत्तर ठरतं. गोल फिरणाऱ्या डायलच्या पेटंटसाठी स्ट्रोजरने डिसेंबर १८९१ मध्ये अर्ज केला आणि ते त्याला नोव्हेंबर १८९२ मध्ये मिळालं. लोकांच्या हातात टिकेल अशी डायल मात्र त्याच्या कंपनीत काम करणाऱ्या तिघांनी केली: अलेक्झांडर कीथ आणि जॉन व चार्ल्स एरिक्सन हे भाऊ. त्यांनी ऑगस्ट १८९६ मध्ये अर्ज केला, पेटंट जानेवारी १८९८ मध्ये मिळालं. त्यांची डायल १८९६ मध्येच मिलवॉकीच्या सिटी हॉलमध्ये लागली.

नाव स्ट्रोजरचं झालं, पण डायलपुरतं बोलायचं तर माझ्या मते खरं श्रेय कीथ आणि एरिक्सन बंधूंना द्यायला हवं. मोजणं माणसाकडून काढून चाकाकडे देणं, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी आहे. बोटाने एक जागा निवडायची, बाकी हिशोब यंत्राचा.

५. सुरुवातीच्या डायलला भोकं नव्हती, हे खरं का?

खरं आहे. चाकाच्या कडेला दातांसारखे उंचवटे असत आणि बोट त्यांना अडकवून चाक ओढायचं. बोट घसरायचं, शेजारच्या उंचवट्यावर जायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या ओळखीची भोकांची तबकडी रूढ झाली. भोकात बोट पक्कं बसतं आणि ते जिथे थांबायचं तिथे धातूचा अडसर असतो, त्यामुळे कुठवर ओढायचं हा प्रश्नच उरत नाही. स्ट्रोजर कंपनीच्या त्या काळातल्या काही डायलवर अकरा भोकं होती. अकरावं भोक लांब पल्ल्याच्या कॉलसाठी.

६. पल्स डायल ओढताना न जाता परत येताना का जातात?

मला विचाराल तर डायलमधली सगळ्यांत हुशार गोष्ट हीच आहे.

सुरुवातीच्या काही रचनांत हात चाक पुढे ढकलत असतानाच पल्स जात. वेगावर ना स्प्रिंगचा ताबा होता ना कशाचा, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी झटक्यात ओढायचा, कुणी मध्येच थांबून वहीतला नंबर पुन्हा पाहायचा. एक्स्चेंजला दोन्ही सारखंच घातक. फार भरभर आलेले पल्स स्विचला पकडता येत नाहीत, फार सावकाश आले तर त्याला वाटतं की ग्राहकाने फोन ठेवला.

सुधारलेल्या डायलमध्ये ओढणं आणि पाठवणं वेगळं केलं. बोटाने ओढलं की फक्त स्प्रिंगला पीळ बसतो. पल्सचे संपर्क त्या दिशेने जाताना काम करत नाहीत. बोट काढलं की स्प्रिंग चाक मागे आणते आणि तेव्हा पल्स जातात. तुम्ही किती जोरात ओढलंत, मध्ये किती वेळ थांबलात, हे एक्स्चेंजला कळतही नाही.

एकट्या स्प्रिंगने मात्र भागत नाही. पूर्ण ताणलेली स्प्रिंग सुरुवातीला जोरात खेचते आणि शेवटाकडे मंदावते. म्हणून गव्हर्नर आला. डायल परत येताना दंतचक्रांमार्फत एक बारीक दांडा वेगाने फिरतो. त्याच्यावर दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि भोवतीच्या वाटीला घासतात. घर्षण वाढतं, वेग उतरतो. वेग कमी झाला की वजनं आत येतात. जुनी डायल परत येताना जो संथ, एकसारखा घरघर आवाज येतो तो या गव्हर्नरचा.

७. सेकंदाला दहा पल्स हा आकडा कुठून आला?

स्विचच्या ताकदीतून. स्ट्रोजर पद्धतीत प्रत्येक पल्सला एका विद्युतचुंबकाने धातूचा दांडा एक पायरी वर उचलायचा असतो. दहाच्या आसपासचा वेग यंत्राला आरामात झेपतो आणि ग्राहकालाही फार थांबावं लागत नाही. ब्रिटिश पद्धतीत ९ ते ११ इतकी सूट धरलेली असे, आणि आपल्याकडेही तीच पद्धत आली.

वेगाइतकंच महत्त्व ‘रेशो’ला आहे, म्हणजे प्रत्येक पल्समध्ये प्रवाह किती वेळ तुटलेला आणि किती वेळ जुळलेला. ब्रिटिश डायलमध्ये हे प्रमाण दोनास एक: सुमारे ६७ मिलिसेकंद तुटलेला, ३३ जुळलेला. तुटण्याला जास्त वेळ, कारण दांडा उचलणाऱ्या चुंबकाला वीज नेमकी तेव्हाच मिळते. म्हणून जुन्या डायलचा वेग बरोबर असूनही संपर्कांमधलं अंतर बिघडलं तर नंबर चुकतो. दुरुस्ती करणारे बरेच जण फक्त वेग पाहतात आणि इथे फसतात.

८. आधी तीन तारा लागत, मग दोन कशा पुरल्या?

सुरुवातीच्या डायल-फोनला लाइनच्या दोन तारा आणि शिवाय ग्राहकाच्या घरी जमिनीत पुरलेली अर्थिंगची जोडणी लागायची. आकड्याचे पल्स एका तारेवरून जात. आकडा संपला हे सांगायला डायल दुसऱ्या तारेवर एक वेगळा पल्स देई, मग स्विच पुढच्या कामाला लागे. डायलमध्ये त्यामुळे संपर्कांचे दोन संच, त्यांची जुळवाजुळव, आणि प्रत्येक घरात चांगलं अर्थिंग. जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर व्हायचं आणि फोन रुसायचा.

१९०७-०८ च्या सुमारास कंपनीने फक्त दोन तारांची पद्धत आणली. डायल एकदम साधी झाली, कारण आता तिला फक्त प्रवाह तोडायचा होता. गंमत अशी की ही डायलमधली सुधारणा डायलमध्ये झालीच नाही, ती एक्स्चेंजमधल्या एका रिलेत झाली. कशी, ते पुढच्या उत्तरात.

९. सलग २ आणि ३ फिरवले तर एक्स्चेंजला ते ५ का वाटत नाहीत?

कारण एक्स्चेंजमध्ये सावकाश सुटणारे रिले असतात. रिलेच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलं की प्रवाह बंद झाल्यावरही त्यातलं चुंबकत्व लगेच जात नाही, रिले काही क्षण धरून राहतो.

स्विचमध्ये मुख्यतः तीन रिले काम करतात. पहिला चपळ असतो आणि प्रत्येक पल्सबरोबर सुटतो-लागतो. दुसरा सावकाश सुटणारा. तो पल्सच्या बारीक तुटण्याकडे दुर्लक्ष करतो आणि ‘ग्राहक अजून लाइनवर आहे’ हे लक्षात ठेवतो. तिसराही सावकाश. पल्स येत असेपर्यंत तो लागलेला राहतो आणि पल्स थांबले की थोड्या वेळाने सुटतो. त्याचं सुटणं म्हणजेच ‘आकडा संपला’. मग स्विच आडवा फिरून मोकळी वाट शोधतो. दहा वाटा असतात आणि तो सेकंदाला तीसच्या आसपास पावलं टाकतो, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात पुढच्या आकड्याचा पहिला पल्स आला तर तो वाया जाणार.

इतका वेळ मिळेल याची काळजी डायल स्वतः घेते. १ चं भोक आणि अडसर यांच्यात मुद्दाम जास्त अंतर ठेवलेलं असतं, आणि परतीच्या प्रवासातला साधारण दोन पल्सइतका भाग पल्स न देताच जातो. बोटाला पुढचं भोक शोधून ओढायला लागतो तो वेळ त्यात मिळवा. त्यामुळे कितीही चपळ माणूस असला तरी दोन आकडे एकमेकांना चिकटत नाहीत.

१०. डायल परत येताना बोटाने ढकलली तर बिघडतं का?

डायल मोडत नाही, पण राँग नंबर लागू शकतो. गव्हर्नर वेग कमी करू शकतो, तुमच्या बोटाच्या जोरापुढे त्याचं चालत नाही. बोट भोकात तसंच ठेवून डायलबरोबर मागे येऊ दिलं तर उलटा दोष: वेग घटतो. ओढायचं, अडसराला टेकलं की सोडायचं. एवढंच.

११. शून्य फिरवल्यावर दहा पल्स का जातात?

शून्य पल्स म्हणजे काहीच न पाठवणं, आणि एक्स्चेंजला ते दिसणार नाही. म्हणून शून्याला दहा दिले आणि त्याचं भोक ९ च्या पुढे गेलं.

सगळ्या देशांनी असं केलं नाही. स्वीडनमध्ये शून्याला एक पल्स, एकाला दोन, असं चढत जातं. न्यूझीलंडमध्ये आकड्यांचा क्रम उलटा: शून्याला दहाच, पण १ ला नऊ, २ ला आठ आणि ९ ला एक. ऑस्लो शहरातही अशीच उलटी डायल होती. परदेशातून हौसेने आणलेला फोन आपल्या लाइनला जोडला आणि भलतीकडेच लागला, तर आधी डायलवरचा आकड्यांचा क्रम पाहा.

१२. तातडीच्या सेवांचे नंबर डायल पाहून ठरवले होते का?

लंडनच्या ९९९ बाबत हो. ही सेवा ३० जून १९३७ ला सुरू झाली. १११ सोपा होता, पण वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागल्या तरी १ चे पल्स आपोआप जाऊ शकतात. ९ चं भोक अंधारातही सापडतं, कारण ते शेवटून दुसरं आहे. नाणं टाकून चालणाऱ्या फोनमध्येही ९ फुकट फिरवता येईल असा बदल सोपा होता. न्यूझीलंडचा तातडीचा नंबर १११ आहे, आणि वरच्या उत्तरातली उलटी डायल आठवा: तिथे १ म्हणजे नऊ पल्स. एक्स्चेंजच्या नजरेने लंडनचा आणि न्यूझीलंडचा नंबर एकच.

आपला पोलिसांचा १०० फिरवायला एकवीस पल्स लागतात, अग्निशमनाच्या १०१ ला बाराच. स्थानिक ग्राहकांचे नंबर १ पासून सुरू होत नसत. रिसीव्हरचा चुकून एक हिसका बसला तरी १ जातो, म्हणून तो आकडा खास सेवांसाठी ठेवणं शहाणपणाचं होतं.

१३. आधी पूर्ण नंबर लावून, तपासून मग पाठवता येईल असं यंत्र कुणी केलं नाही का?

केलं होतं. कॅनडातल्या लोरिमर बंधूंच्या फोनवर सरकवायचे दांडे असत. प्रत्येक आकड्यासाठी दांडा योग्य जागी न्यायचा, सगळा नंबर डोळ्यांसमोर दिसायचा, आणि मग हँडल फिरवलं की तो जायचा. ओंटारिओतल्या पीटरबरोमध्ये ही पद्धत प्रत्यक्ष चालली. चूक पाठवण्याआधी दिसणं हा मोठाच गुण होता, आणि डायलला तो कधीच जमला नाही. चौथा आकडा चुकला तर आजही सगळं पुन्हा फिरवावं लागतं.

लोरिमर पद्धत हरली ती किमतीमुळे आणि गुंतागुंतीमुळे. लक्षात ठेवायचं सगळं यंत्र प्रत्येक ग्राहकाच्या घरी, म्हणजे दुरुस्तीही घरोघरी. पुढे मोठ्या शहरांनी ही स्मृती एक्स्चेंजमध्ये ठेवली. डायल पल्स पाठवते, एक्स्चेंज ते साठवून घेतं आणि वाट ठरवतं. न्यूयॉर्कची पॅनेल पद्धत आणि १९२७ पासून लंडनमध्ये आलेली डायरेक्टर पद्धत याच विचाराच्या. घरातली डायल त्यामुळे साधी राहू शकली.

१४. काही डायलवर इंग्रजी अक्षरं का असतात?

मोठ्या शहरात सात आकडे लक्षात राहणार नाहीत, ही भीती होती. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीतले ब्लॉव्हेल्ट यांनी १९१७ मध्ये तोडगा सुचवला: एक्स्चेंजच्या नावाची पहिली अक्षरं फिरवायची आणि पुढे आकडे. एटी अँड टीच्या समूहातल्या बेल कंपन्यांनी डायल फार उशिरा स्वीकारली. त्यांचं पहिलं मोठं डायल एक्स्चेंज १९१९ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकला सुरू झालं. लंडननेही अक्षरं घेतली, पण ‘ओ’ हे अक्षर शून्यावर ठेवलं, तर अमेरिकेत ते ६ वर होतं. पुढे अटलांटिकपार थेट डायल करायची वेळ आली तेव्हा हा फरक त्रासाचा झाला.

१५. भारतात डायल कधी आली?

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ ला सुरू झाली, तीही ऑपरेटरांच्या हाती. पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये शिमल्याला बसलं, ७०० लाइनचं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि घरोघरचा काळा डायलचा फोन तिथून येऊ लागला. दुसऱ्या गावाला ट्रंक बुक न करता थेट डायल करण्याची सोय, म्हणजे एसटीडी, नोव्हेंबर १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झाली.

एसटीडीने डायलवरचा भार वाढवला. मुंबईच्या ०२२ ला चौदा पल्स, पुण्याच्या जुन्या ०२१२ ला पंधरा, नागपूरच्या ०७१२ ला वीस, आणि हे सगळं स्थानिक नंबर सुरू होण्याआधी. मधला एक पल्स हरवला की पुन्हा शून्यापासून. अमेरिकेत १९४७ चे क्षेत्र क्रमांक ठरवताना न्यूयॉर्कला २१२ दिला गेला, त्याला फक्त पाच पल्स लागतात.

१६. डायलला कुलूप असतानाही काही जण फोन लावायचे. ते कसं?

क्रेडलची बटणं टिचकावून. रिसीव्हर ठेवल्यावर दबणारा संपर्क आणि डायलचा संपर्क एकाच प्रवाहाच्या वाटेवर असतात. ५ हवा तर पाच टिचक्या, मग थोडं थांबायचं, मग पुढचा आकडा. शून्याला दहा. म्हणजे प्रश्न ३ मधल्या बटणांच्या काळात परत जाणं: मोजायचंही आपणच, वेगही आपणच राखायचा. टिचकी लांबली तर दुसरा रिले सुटतो (प्रश्न ९) आणि कॉल तुटतो.

कुलूप ज्या भोकात लावलं तिथपर्यंतच डायल फिरते. १ च्या भोकात लावलं की १ सोडून काही फिरवता येत नाही, म्हणजे १०० सुद्धा नाही. घरात म्हातारी माणसं असताना असं कुलूप लावणं धोक्याचंच होतं.

१७. एका खोलीत डायल फिरवली की दुसऱ्या खोलीतला फोन टिंगटिंग का करायचा?

एकाच लाइनवर दोन फोन असले की डायलच्या तुटण्या-जुळण्याने लाइनवर व्होल्टेजचे झटके बसतात. घंटी कपॅसिटरमधून लाइनला जोडलेली असते आणि असे झटके त्यातून पार होतात. नीट जोडणीत डायल फिरत असताना ही घंटी शांत ठेवण्याची सोय करता येते. डायल फिरवताना कानात टकटक का ऐकू येत नाही, हाही प्रश्न येतो. डायल जागेवरून हलली की काही संपर्क रिसीव्हरला बगल देतात, म्हणून.

१८. पावसाळ्यात राँग नंबर जास्त का लागायचे?

उघड्या तारांचे इन्सुलेटर आणि केबलचे सांधे ओले झाले की थोडा प्रवाह गळतो. डायलने संपर्क तोडला तरी गळतीमुळे प्रवाह पूर्ण थांबत नाही, पहिला रिले (प्रश्न ९) सुटत नाही आणि तो पल्स मोजलाच जात नाही. ७ चा ६ होतो. कोकणपट्टीत हे काही नवलाचं नव्हतं. यात डायलचा दोष नाही आणि डायल बदलून उपयोगही नाही.

१९. नंतरच्या काही फोनवर भोकांखाली पांढरे ठिपके कशाला?

बेलच्या ‘५००’ या फोनमध्ये, १९५० च्या सुमारास, आकडे भोकांच्या आत न ठेवता बाहेरच्या कडेला घेतले. आकडे स्वच्छ दिसू लागले, पण लोकांचा डायल करण्याचा वेग कमी झाला. बेल लॅबमधले मानसशास्त्रज्ञ जॉन कार्लिन यांनी शोधलं की बोटाला नेम धरायला काही उरलं नव्हतं. प्रत्येक भोकाच्या मधोमध एक ठिपका दिला आणि वेग परत आला.

२०. सापडलेल्या जुन्या फोनची डायल ठीक आहे का, हे कसं पाहायचं?

शून्य फिरवून सोडा. परतायला साधारण सव्वा सेकंद लागला पाहिजे, एकसारख्या वेगाने, शेवटाला न रेंगाळता. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाहिलात तर टकटकीतलं अंतर डोळ्यांनी दिसतं. रेंगाळत असेल तर बहुधा जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून काढा आणि आसांवर अगदी टिपूसभर हलकं तेल द्या. गव्हर्नरच्या वाटीत तेल जाऊ देऊ नका. तिथे घर्षणच हवं असतं, तेल गेलं की डायल सुसाट सुटते. संपर्कांवर घासकागद चालवू नका, स्वच्छ जाड कागद मधून ओढला तरी पुरतो. गव्हर्नरच्या वजनांच्या पट्ट्या वाकवून वेग जुळवता येतो, पण तो शेवटचा उपाय.

२१. असा फोन आजच्या लाइनवर चालेल का?

तांब्याच्या तारेवरच्या बऱ्याच डिजिटल एक्स्चेंजना पल्स अजून कळतात. फायबरच्या जोडणीत घरातल्या डब्यावर ते अवलंबून असतं, काही डबे पल्स ओळखतात, काही नाही. स्वतःच्या मोबाइलवर फोन लावून पाहा. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना जानेवारी २०२१ पासून आधी ० लागतो, हे विसरू नका. नाहीच चालला तर पल्सचं टोनमध्ये, म्हणजे बटणांच्या फोनच्या सुरांत, रूपांतर करणारं छोटं यंत्र मिळतं. येणारा कॉल मात्र डायल कशीही असली तरी घेता येतो.

२२. बटणांचा टोन फोन ही डायलचीच पुढची सुधारणा म्हणायची का?

डायलने सुरू केलेलं काम त्याने पूर्ण केलं, असं मी म्हणेन. १८ नोव्हेंबर १९६३ ला पेन्सिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत तो ग्राहकांना मिळाला. प्रत्येक बटणाला दोन सुरांची जोडी, त्यामुळे ९ ला आणि १ ला सारखाच वेळ. दाब लांबला तरी आकडा तोच. दिसायला ही १८९२ ची बटणंच परत आली, पण मोजण्याचं काम हाताकडे परत आलं नाही.

एक अडचण होती. स्ट्रोजरचा स्विच थेट पल्सवर पाऊल टाकतो, सुरांचं त्याला काही कळत नाही. त्यामुळे अशा एक्स्चेंजमध्ये सूर ऐकून त्यांचे पल्स करणारी यंत्रणा मध्ये बसवावी लागे. काही फोनना बटणं असूनही आतून ते पल्सच पाठवत. बटण दाबलं की कानात टकटकटक ऐकू यायचं आणि शून्य दाबल्यावर थांबावं लागायचं. आपल्याकडे असे फोन पुष्कळ होते, आणि त्यांच्या खाली किंवा बाजूला ‘पी’ (पल्स) आणि ‘टी’ (टोन) अशी खूण असलेलं छोटं बटण असे. तुमच्याकडचा फोन बटणांचा असूनही बँकेच्या ‘एक दाबा, दोन दाबा’ला दाद देत नसेल, तर आधी ते बटण ‘टी’वर आहे का पाहा.